तळघरातील पार्किंग, जंपर केबल आणि घाटात तापलेली गाडी

मोघे (ए-१०२), सकाळी ७:२६
सर्व सभासदांस नमस्कार. आज पुन्हा एकदा तळघरातील पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी बराच वेळ जागच्या जागी चालू ठेवण्यात आली होती आणि रॅम्पशेजारच्या जाळीतून वर येणारा सगळा धूर आमच्या खोलीत भरला. आईंना दम्याचा त्रास आहे, हे मी या ग्रुपवर गणपतीच्या आधीही लिहिले होते. गाडी कोणाची आहे हे मला ठाऊक आहे. तरी संबंधितांनी स्वतःहून खुलासा केला तर बरे होईल.

शिंदे (सी-३०३), ७:३४
मोघेसाहेब, संबंधित म्हणजे मीच, त्यामुळे आडवळणाने लिहिण्याची आवश्यकता नाही. आम्ही लग्नासाठी नाशिकला गेलो होतो, गाडी उभी राहून बॅटरी उतरली आणि वैद्यांच्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून, म्हणजे जंप देऊन, ती सुरू करावी लागली. लगेच बंद केली असती तर पुन्हा सुरू झाली नसती, म्हणून बॅटरी चार्ज व्हावी या हेतूने चालू ठेवली. शिवाय माझी गाडी डिझेलची आहे. पेट्रोल गाडीच्या मानाने तिचा विषारी वायू कमी असतो.

साठेकाकू (बी-३०४), ७:३६
वैद्यांनी केबल लावली तेव्हा केवढी मोठी ठिणगी उडाली, हे मी दूध आणायला खाली उतरले असताना पाहिले आहे. तळघरात वीस-पंचवीस गाड्या उभ्या असतात, याचे भान कोणी ठेवावे की नाही?

वैद्य (सी-३०१), ७:३८
काकू, मदत करायला गेलो होतो, तेवढे तरी लक्षात घ्यावे.

केळकर (ए-४०१), ७:४०
सोसायटीच्या पैशांतून घेतलेली जंपर केबल सध्या कोणाकडे आहे, हे कळावे.

देशपांडेकाका (बी-२०१), ७:५८
कोणावर आरोप न करता दोन गोष्टी लिहितो. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, हे शिंदे यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्याच धुरात काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. पेट्रोल गाडीची गोष्ट तर आणखी वाईट आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद जागेत माणसाला आधी डोके दुखते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते आणि आपल्याला काय होत आहे हे कळण्याआधीच शुद्ध जाते. तेव्हा डिझेल असो वा पेट्रोल, गाडी सुरू झाली की ती तळघरातून बाहेर काढावी, हे उत्तम.

दुसरे म्हणजे जागेवर उभ्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे यंत्र) फार थोडा प्रवाह देतो. उतरलेली बॅटरी अशाने भरत नाही. फक्त डिझेल जळते. गाडी निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी किंवा बॅटरी काढून दुकानात चार्जिंगला लावावी.

मोघे (ए-१०२), ८:०१
काकांनी जे लिहिले तेच मी वर्षभर सांगत आहे, पण मी सांगितले की ते भांडण ठरते.

कुलकर्णी (सी-१०४), ८:०५
बॅटरीचा एवढा घोळ घालण्यापेक्षा चार जणांनी धक्का मारून गाडी सुरू केली असती तर धूरही झाला नसता आणि ठिणगीही उडाली नसती. आपल्या तिन्ही वॉचमनांना व्यायामाची गरज आहे, हे सर्वांना मान्य असावे.

देशपांडेकाका (बी-२०१), ८:१२
विनोद समजला, पण कोणी खरोखर करायला जाईल म्हणून लिहितो. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. गिअरची गाडी होते, मात्र आपल्या रॅम्पवर हा प्रयोग अजिबात करू नये, कारण इंजिन बंद असताना एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते, स्टिअरिंगही जड होते, आणि उतारावर मागे येणारी गाडी माणसाने अडवायची नसते.

आता जंपर केबलविषयी. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता शेजारी उभ्या कराव्यात, दोन्ही बंद, हँडब्रेक ओढलेला, दिवे, एसी आणि रेडिओ बंद. लाल चिमटा प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, त्याचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावावा, आणि शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर लावावा. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटच्या जोडणीलाच ठिणगी उडते. ती बॅटरीच्या तोंडाशी उडू नये, यासाठी ही सगळी खटपट. काकूंनी जी ठिणगी पाहिली ती याच चुकीची होती. मदत करणारी गाडी सुरू करून दोन-चार मिनिटे तशीच ठेवावी, मग बंद गाडीला सेल्फ (स्टार्टर) मारावा, तोही एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबावे. गाडी सुरू झाली की चिमटे बरोबर उलट्या क्रमाने काढावेत.

वैद्य (सी-३०१), ८:१५
धन्यवाद, काका. क्रम चुकला हे मान्य, परंतु त्या केबलची अवस्था पाहिली तर कोणाच्याही हातून ठिणगी उडाली असती.

केळकर (ए-४०१), ८:१६
म्हणजे सोसायटीच्या पैशांतून घेतलेली केबल वैद्यांकडे आहे, असे समजावे का?

वैद्य (सी-३०१), ८:१८
होय, गेल्या पावसाळ्यापासून माझ्या डिकीत आहे, कारण परत कोणाकडे द्यायची हे कोणीच सांगितले नाही. ती इतकी बारीक आहे की सेल्फ मारताना वरचे प्लास्टिक मऊ पडते आणि एका चिमट्याची स्प्रिंग तुटलेली आहे. ती खरेदी करताना आपणच सचिव होता, केळकरसाहेब.

केळकर (ए-४०१), ८:२१
तीन ठिकाणची दरपत्रके घेऊन, कार्यकारिणीच्या मंजुरीने खरेदी झाली होती. इतिवृत्त उपलब्ध आहे.

देशपांडेकाका (बी-२०१), ८:२४
दरपत्रकात तारेची जाडी पाहिली होती का, एवढेच विचारतो. सेल्फ ओढतो तेव्हा शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह जातो; बारीक तार तापणारच. पुष्कळदा तर बॅटरी उतरलेलीही नसते. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचून जोड सैल पडलेला असतो आणि सेल्फ नुसता 'टक' असा आवाज करतो. शिंदे, आपण ते पाहिले होते का?

शिंदे (सी-३०३), ८:२६
नाही. बॉनेट उघडल्यावर प्रथम मोघेसाहेबांच्या खिडकीतून येणारे आवाज ऐकण्यात वेळ गेला.

पाटीलताई (ए-३०२), ८:३१
सर्वांची क्षमा मागून मध्येच विचारते, कारण थोडी घाई आहे. आमचे हे मुंबईहून द्रुतगती मार्गाने येत आहेत, आणि खोपोलीच्या वर घाटाच्या चढाला गाडी तापून काटा लाल रेषेवर गेल्याचा त्यांचा फोन आला आहे. सोबत सासूबाई आहेत. काय करावे?

कुलकर्णी (सी-१०४), ८:३२
बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतायला सांगा. आम्ही नेहमी तसेच करतो.

देशपांडेकाका (बी-२०१), ८:३३
कृपा करून असे काहीही सांगू नका! ताई, त्यांना हे वाचून दाखवा. एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. केबिन तापेल, पण इंजिनची उष्णता तितकी बाहेर निघेल. चारी इंडिकेटर लावून गाडी अगदी डाव्या कडेला, शक्य असल्यास वळणाच्या पुढे, मागून येणाऱ्यांना लांबून दिसेल अशा जागी थांबवावी. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ते उघडण्याची घाई करू नये. रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत हाताने उघडू नये. आतील कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, दाबाखाली, शंभर अंशांच्या वर तापलेले असते आणि झाकण सैल होताच ते चेहऱ्यावर उसळते. एवढ्या तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडले तर त्याच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

आणि गाडीपेक्षा माणसे महत्त्वाची. सासूबाईंना डाव्या दाराने उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून थोडे मागे उभे करावे. गाडीत किंवा गाडीच्या पुढे बसवून ठेवू नये. आपल्या घाटात बंद पडलेल्या गाडीला मागून ट्रक धडकल्याचे आपण सर्वांनी वाचले आहे.

पाटीलताई (ए-३०२), ८:३७
सांगितले. सासूबाई कठड्यापलीकडे उभ्या आहेत. मागच्या गाड्यांना इशारा देणारा लाल त्रिकोण डिकीत सामानाखाली आहे म्हणतात.

देशपांडेकाका (बी-२०१), ८:३८
सामान बाजूला काढावे, पण त्रिकोण काढावाच. निदान पन्नास मीटर मागे, वळण असल्यास वळणाच्याही अलीकडे ठेवावा; तो घेऊन चालताना रस्त्यावरून नव्हे, कठड्याच्या आतून जावे आणि तोंड येणाऱ्या गाड्यांकडे असावे.

शिंदे (सी-३०३), ८:३९
ताई, १०३३ लावायला सांगा, महामार्गाची मदत तेथूनच मिळते.

मोघे (ए-१०२), ८:४१
१०३३ हा राष्ट्रीय महामार्गांसाठीचा क्रमांक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे, त्यामुळे त्यांनी ११२ लावावा किंवा टोलच्या पावतीवर अथवा फलकावर असलेला मदत क्रमांक लावावा. पुणे वाहिनीवर आहोत हे आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगावा. 'घाटात आहोत' एवढ्यावरून क्रेनवाल्याला काहीच कळत नाही.

शिंदे (सी-३०३), ८:४२
मान्य आहे. या बाबतीत मोघेसाहेब बरोबर आहेत.

साठेकाकू (बी-३०४), ८:४३
आजची तारीख कोणीतरी लिहून ठेवा.

केळकर (ए-४०१), ८:४४
केबल कार्यालयात जमा करून पावती घ्यावी, ही विनंती.

पाटीलताई (ए-३०२), ९:२०
क्रेन आली आहे. मेकॅनिक म्हणाला की रेडिएटरचा खालचा पाइप क्लिपजवळ चिरला आहे आणि कूलंट संपत आले होते. गाडी उचलून लोणावळ्याला नेत आहेत. सर्वांचे, विशेषतः काकांचे, आभार.

देशपांडेकाका (बी-२०१), ९:२८
बरे झाले. असा पाइप एका दिवसात चिरत नाही. गाडीखाली हिरवा किंवा गुलाबी थेंब दिसू लागला की तो एसीच्या पाण्याचा नाही, हे समजावे. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेषांमध्ये पातळी आहे का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

तरुण मंडळींसाठी एक लिहून ठेवतो, कारण विषय घाटाचा निघाला आहे. उतरताना ब्रेक लागेनासा झाला तर इंजिन मुळीच बंद करू नये. चावी काढली तर स्टिअरिंग अडकू शकते. पेडल भराभर पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक एकदम न ओढता थोडा-थोडा ओढावा. टायर फुटला तर याच्या उलट, ब्रेकवर पाय देऊ नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा.

कुलकर्णी (सी-१०४), ९:३१
काका, पावसात अंडरपासमध्ये गाडी बंद पडली तर?

देशपांडेकाका (बी-२०१), ९:३५
पुन्हा सेल्फ मारू नये, एवढेच. पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनचा खर्च लाखाच्या घरात जातो. आणि विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसेल तर तो बहुधा आपल्याच खिशातून भरावा लागतो. पाणी वाढत असेल तर मात्र खर्चाचा विचार न करता दार किंवा काच उघडून बाहेर पडावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बंद गाडीत बसून राहिलेल्यांचे प्राण गेले होते.

सचिव (बी-१०३), ९:५०
सर्वांची मते वाचली. तळघरात गाडी सुरू केल्यानंतर ती एक मिनिटाच्या आत बाहेर काढावी, आणि जंप देण्याचे काम केवळ रॅम्पच्या वर मोकळ्या जागेत करावे, अशी सूचना आज फलकावर लावत आहे. गाडी हलतच नसेल तर कार्यालयाच्या खर्चाने एक छोटा बॅटरी चार्जर घेण्याचा विषय पुढील सभेत ठेवू. देशपांडेकाकांनी मान्य केल्यास रविवारी सकाळी दहा वाजता स्टेपनी बदलण्याचे आणि केबल लावण्याचे प्रात्यक्षिक ठेवू या.

देशपांडेकाका (बी-२०१), ९:५४
मान्य आहे. येताना प्रत्येकाने आपल्या गाडीचा जॅक आणि पाना कोठे आहे ते शोधून यावे, आणि स्टेपनीत हवा आहे का ते पाहावे. नटबोल्ट जॅक लावण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात. गाडी वर उचलून पान्यावर जोर लावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

कुलकर्णी (सी-१०४), ९:५६
आमच्या गाडीत स्टेपनीऐवजी कंपनीने पंक्चरचे किट दिले आहे. आम्ही नुसते चहाला आलो तर चालेल का?

शिंदे (सी-३०३), ९:५८
चहाची व्यवस्था माझ्याकडे. मोघेसाहेबांनी आईंना घेऊन यावे, तेव्हा कोणतीही गाडी चालू नसेल.

मोघे (ए-१०२), १०:०४
पाहू. आईंना विचारून कळवतो.