कुसळं, करवंदं आणि गावामागचा डोंगर: सांगा आपापले अनुभव

माळावरची:
भाऊ दिवाळीनंतर गावाहून आला, दोन दिवस राहिला आणि गेला. आज मशीनमधून कपडे काढले तर माझ्या ओढणीला, लेकीच्या शाळेच्या मोज्यांना, टॉवेलला, सगळीकडे कुसळं. साहेब डोंगरावर फिरून आलेली पँट तशीच धुवायला टाकून गेलेत. आधी चिडले, मग एकेक कुसळ नखाने उपटत बसले ते कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याच राहिल्या, वरणाचा लगदा झालाय.

गाव पारनेर तालुक्यात. डोंगर म्हणजे काही फार मोठा नाही, दम न खाता चढलं तर वीस मिनिटांत माथा. वर खंडोबाचं देऊळ, पायथ्याला पाझर तलाव. त्याला अजून 'बहात्तरचा तलाव'च म्हणतात, १९७२च्या दुष्काळी कामावर बांधलेला. आजी होती त्या कामावर, माती वाहायला. तिथे खायला मिळायच्या त्या सुकडीचं नाव काढलं की म्हातारी तोंड वाकडं करायची.

आम्ही पोरं शेळ्या घेऊन वर जायचो आणि आपलं रान कुठलं ते वरून ओळखायची पैज लावायचो. बाजरी काढलेलं पिवळं, हुलग्याचं करडं, विहिरीजवळचा कांद्याचा वाफा तेवढा हिरवा. आई खुरपत असली की तिचं लाल लुगडं ठिपक्याएवढं दिसायचं. वरनं "आयेऽऽ" करून ओरडायचं, मग थोडं थांबायचं, मग ती वर बघायची. मधल्या त्या वेळात आपला आवाज बांधाबांधानं चालत जातो असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

भावाने सांगितलं, मागच्या अंगाने मुरुमासाठी पोकलेन लागलाय. फोटो दाखवला. त्यावर आत्ता लिहवत नाही. तुमच्या डोंगराचं सांगा.

बांधकोरे:
ताई तुमचं कपड्यावर भागलं. मेंढराच्या कातडीत शिरतं कुसळ. आमच्या रानात दर साली धनगरांचा वाडा बसायचा, रात्रभर मेंढरं बसली की शेताला खत, बदल्यात धान्य. त्यातली एक म्हातारी आज्जी कंदिलाच्या उजेडात कोकराच्या अंगातली कुसळं काढत बसायची. मी कितीदा बघितलंय. आता ते लोक येत नाहीत, सगळीकडे तारेची कुंपणं, जाणार कुठून.

गारगोटी:
कुसळ ओलं करून बघा कधी!! शेपटीला पीळ असतो, पाणी लागलं की तो सुटतो आणि कुसळ गरागरा फिरतं. पावसात बी स्वतःच स्क्रूसारखं जमिनीत घुसावं म्हणून ती सोय. तुमच्या मोज्याला त्याने जमीन समजलं एवढंच.

माझा डोंगर सिन्नरच्या बाजूचा. विहीर खणताना दगडाच्या पोटातून पांढरे, हिरवट स्फटिक निघायचे, मोठी माणसं फेकून द्यायची, आम्ही खिशात भरायचो. पण खरी मजा साध्या गारगोटीची. अंधारात गोधडीत शिरायचं आणि दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या, आतल्या आत पिवळट उजेड पडतो आणि जळका वास येतो. गोधडी पेटेल म्हणून आजोबांनी बदडलं होतं. पुढे भूगर्भशास्त्र घेतलं त्याचं मूळ त्या गोधडीत. आपले हे डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, आणि दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे जी लाल मातीची पट्टी दिसते ना, पाणी तिच्यातून सहसा खाली जात नाही, म्हणून तिच्या वरच्या अंगाला झरे फुटतात. जुन्या वाड्या वस्त्या कुठे आहेत बघा, पुष्कळ वेळा त्या रेषेतच सापडतील.

दोन_गुंठे:
सर वही कुठली आणायची उद्या

गारगोटी:
😄 दोनशे पानी

सड्यावरचा:
आमच्याकडे डोंगर म्हणजे सडा. वर सपाट कातळ, पावसाळ्यात फुलं आणि उन्हाळ्यात तवा, चप्पल तुटली तर रडत घरी. राजापूरकडचा मी. गुरं सोडायचो त्या कातळावर माणसं, मासे, काय काय खोदलेलं होतं, आम्ही म्हणायचो पांडवांनी काढलंय आणि वर बसून चिंचा खायचो. आता त्यांना कातळशिल्पं म्हणतात, २०२२ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीचा हत्ती बघितलाय का कोणी? आमची आई म्हणते, मेल्यांनो एवढं मोठं होतं तर शेणाने कशाला सारवलंत (क्रिकेटचं पिच केलेलं आम्ही)

आणि मे महिन्यात भाजावळ. कवळ तोडायची, शेण, पातेरा पसरायचा, वर माती आणि जाळायचं, मग त्या राबावर भाताचं बी. तो धूर नाकात बसलाय, मुंबईत कुठे कचरा जाळला तरी मला जूनच आठवतो.

निमाताई:
करवंदांचं कुणीच काढलं नाही?? डोंगर आणि करवंदं नाहीत?

दोन_गुंठे:
निमाताई काट्यासकट आहेत का तुमच्याकडे, पाठवा

भीमाशंकरी:
माझं जरा वेगळं आहे. आंबेगाव तालुका. ३० जुलै २०१४ला मी मंचरला होतो, आदल्या रात्रीपासून पाऊस थांबायचं नाव नाही. सकाळी माळीणवर डोंगर आला. दीडशेच्या वर माणसं. एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. माझ्या मावशीचं घर अलीकडच्या वाडीत, तिला काही झालं नाही, पण तेव्हापासून पावसात ती रात्री झोपत नाही, बॅटरी घेऊन मागच्या दारात बसते आणि उतारावरच्या पाण्याकडे बघते. पाणी गढूळ झालं की सगळ्यांना उठवते. गेल्या चार वर्षांत दोनदा सगळी वाडी तिने शाळेत नेऊन बसवली, दोन्ही वेळा काही झालं नाही, लोक हसतात. २०२३ला इर्शाळवाडीवर दरड आल्याची बातमी आली त्या दिवशी कोणी हसलं नाही.

लहानपणी त्याच उतारावर आम्ही सागाच्या पानावर बसून घसरगुंडी खेळायचो.

बांधकोरे:
मावशीला नमस्कार सांगा भाऊ.

माळावरची:
भीमाशंकरी दादा, काय लिहू. मावशीला हसणाऱ्यांना हसू दे, तिने उठवत राहावं.

चर_खणणारा:
माण तालुका. आमचा डोंगर म्हणजे बोडका, वर एक लिंबाचं झाड, तेपण पोरांनी पाणी घालून जगवलेलं. २०१८ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेला गाव उतरलं, ८ एप्रिल ते २२ मे, ४५ दिवस. मी पुण्यात नोकरीला, शुक्रवारी रात्री एसटी, रविवारी रात्री परत. दोन काठ्या आणि मध्ये पाण्याची नळी, त्याला हायड्रोमार्कर म्हणतात, दोन्ही काठ्यांवर पाणी एका आकड्याला आलं की तिथे फक्कीची खूण. समतल चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल. ऐकायला काही नाही, मुरुमात टिकाव मारून बघा. हाताला फोड आले, सोमवारी ऑफिसात माउस धरवेना.

खरं सांगायचं तर आम्हाला बक्षीसबिक्षीस काय मिळालं नाही. पण पहिल्या मोठ्या पावसाला सगळं गाव छत्र्या टाकून पळत सुटलं चर बघायला. ओळीनं भरलेले. माझा बाप जो चर खणताना "शासनाचं काम तुम्ही कशाला" म्हणून रोज शिव्या द्यायचा तो एका चराच्या कडेला उकिडवा बसला, पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाला, गढूळय. बास. तेवढंच.

पळसपान:
काहून भाऊ, गढूळच असते ना पहिलं पाणी 😂 आमच्या बाजूला टेकडी म्हनजे पळस अन् मोह. मार्चमधे अख्खी टेकडी पेटल्यासारखी दिसते फुलायनं. खरंच पेटते बी, लोकं आग लावून देतात, चांगलं गवत येते म्हने. तितराची अंडी, सशाची पिल्लं सारं जाते. दोनदा इझवाले गेलो, पळसाच्या फांदीनं झोडपत. मिशीचा एक बाजू जळला होता. लग्न पंधरा दिवसावर.

दोन_गुंठे:
फोटो

पळसपान:
फोटोत एकाच बाजूनं उभा हाव, सारे फोटो पाय.

गारगोटी:
जाळल्याने चांगलं गवत येतं हा समज सगळीकडे आहे. राखेने कोवळा फुटवा लवकर दिसतो म्हणून तसं वाटतं, पण उतार उघडा पडतो आणि पहिल्या पावसात माती वाहून जाते. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, चारा कापून न्यायचा, जनावर वर सोडायचं नाही. त्यांच्या डोंगराचा रंग बघा.

बांधकोरे:
चराईबंदी बोलायला सोपं आहे. ज्याच्याकडे शेत नाही, चारच शेळ्या आहेत, त्याने काय करायचं? आमच्या गावात ठराव झाला तेव्हा पहिला फटका त्यालाच बसला, ज्यांच्या विहिरीला पाणी वाढलं ते वेगळेच.

गारगोटी:
मान्य. चारा कापून न्यायला मुभा असेल तरच जमतं. तेही सगळ्यांना जमत नाही.

माळावरची:
आता लिहिते पोकलेनचं. भाऊ म्हणाला परवानगी काही ब्राससाठी काढलेली, नेतात रात्री. आमचं काहीच नाही तिथे, ना सातबारा ना काही, गायरान आहे, तरी फोटो बघून पोटात कालवलं. ज्या दगडावरून आईला हाक मारायचो तो फोटोत शोधतेय, झूम करून करून. कड अजून शाबूत आहे, दगड दिसत नाहीये, का ह्या बाजूने दिसतच नाही ते कळेना. भावाला म्हटलं जाऊन बघ, म्हणतो ताई एका दगडासाठी कोण चढतंय.

चर_खणणारा:
मी जाऊ का? दहिवडीहून पारनेर लांब आहे पण टू व्हीलर आहे

माळावरची:
😂 नको दादा, सुट्टीत मीच जाते. गारगोटी दादा, कुसळ ओल्या कापसावर ठेवलं. फिरतंय! लेक बेसिनपाशी स्टूल टाकून बसलीये, आत्तापर्यंत तीन वळसे झाले म्हणे. अभ्यास राहिला.

निमाताई:
करवंदाचं लोणचं घालायला कच्चीच घ्यायची ना? कोणीतरी सांगा, भाचा मे मध्ये आणणार आहे, आत्तापासून विचारून ठेवतेय.