इंजिनिअरिंगनंतर मानसशास्त्र, तेही ऑनलाइन : सल्ला हवा आहे

निरगुडी :
नमस्कार मंडळी. मी २०१३ ची मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात नोकरी, मुलगी पाच वर्षांची. गेल्या वर्षी बाबांना नैराश्याचा त्रास झाला. त्यांच्या समुपदेशक बाई काय विचारतात, कुठे गप्प राहतात, ते जवळून पाहिलं आणि तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे. नोकरी सोडता येणार नाही, म्हणून ऑनलाइन शिकायचंय. एका खासगी संस्थेतून रोज फोन येतो : कुठलीही पदवी चालेल, सहा महिन्यांत 'सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट', फी ८५ हजार. भरू का?

सोनटक्का :
अजिबात भरू नका.
मी बी.कॉम., बँकेत आहे. २०२० मध्ये इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, दूरस्थ एम.ए. मानसशास्त्राला प्रवेश घेतला. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालायचा. पहिल्या वर्षी सामाजिक मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्व, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र वगैरे. दुसऱ्या वर्षी चिकित्सा, समुपदेशन किंवा औद्योगिक यांपैकी एक. एरवी तुम्हालाही डोळे झाकून हेच सांगितलं असतं. पण जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राच्या पदव्या दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली आहे. आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांसाठी २०२१ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या कक्षेत हा विषय येतो. तेव्हा आज कोणी 'ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी'ला नवा प्रवेश देतो म्हणालं, तर पैसे देण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यता बघा.

ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं. नोकरी-घर सांभाळणाऱ्या आम्हा बायकांना दुसरी वाट कुठे होती? तरी एक सांगते. मी खरं शिकले ते प्रात्यक्षिकांत. पहिल्यांदा समोर माणूस बसवून बुद्धिमत्ता चाचणी घेतली, तेव्हा बरोबर उत्तर आलं की माझी मान आपोआप डोलायची. त्याला त्यातून इशारा मिळत होता. शेजारी बसलेल्या मॅडमनी ते पकडलं. पडद्यावर ते दिसलं असतं असं मला वाटत नाही.

पिंपळपान :
'सर्टिफाइड'ला भुलू नका. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या, प्रत्यक्ष हजर राहून केलेल्या अभ्यासक्रमानंतरच मिळते. नुसत्या एम.ए.वरही मिळत नाही, मग सहा महिन्यांच्या कागदाचं काय घेऊन बसलात!

रानजाई :
मी इंग्लंडमध्ये असते. इकडे दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसाठी 'कन्व्हर्जन' एम.एस्सी. असते, बऱ्याच विद्यापीठांत पूर्ण ऑनलाइन, अर्धवेळ साधारण दोन वर्षं. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेलीच घ्यायची. मी तशीच केली, मूळची आर्किटेक्ट. पण ती फक्त पाया आहे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव इथे कायद्याने राखीव, त्यासाठी पुढे तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. तिकडे राहून ही पदवी घ्यायची तर भारतात तिचा उपयोग काय होईल, हे आधी लेखी विचारून घ्या. फी रुपयांत मोजली तर पोटात गोळा येतो.

निरगुडी :
सगळ्यांचे मनापासून आभार. फोनवाल्यांना 'नको' म्हणून सांगितलं. पण मग आत्ता, घरबसल्या, सुरुवात तरी कशी करू?

सोनटक्का :
पदवीला मनाई आहे, शिकायला नाही. येल विद्यापीठात पॉल ब्लूम यांनी २००७ मध्ये शिकवलेला मानसशास्त्राचा प्रास्ताविक वर्ग नेटवर फुकट आहे, २० व्याख्यानं. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत, त्यातला एक परीक्षेसकट पुरा करा. संख्याशास्त्राला घाबरू नका, इंजिनिअर आहात, आम्हा कॉमर्सवाल्यांपेक्षा लवकर जमेल.

आणि सोबत माणसांत जा. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थांत स्वयंसेवकांची मोठी परंपरा आहे, पुण्यातही चौकशी करा. सहा महिने नुसतं ऐकायचं काम करून पाहा. बाबांच्या जागी रोज नवा माणूस असेल आणि तो तुमचा कोणी नसेल. तरीही ओढ टिकली, तर नियमित एम.ए.साठी नोकरीचं काय करायचं ते घरी बसून ठरवा. तेव्हा इथे लिहा, प्रवेश परीक्षेच्या माझ्या नोट्स देते.

निरगुडी :
पहिलं व्याख्यान आज रात्री, लेक झोपली की. नोट्स जपून ठेवा, ताई.