मार्जिन दिलं नावाला, खाली सरकला अख्खा पट्टा

सातरस्ता:
काकांचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, सोलापुरात. जानेवारीत गड्डा यात्रा भरायच्या आत वेबसाइट पाहिजे म्हणून मागे लागलेत. मी हातानेच एचटीएमएल-सीएसएस लिहितेय, फ्रेमवर्क वगैरे काही नाही.

सगळ्यात वर मरून रंगाचा पट्टा, त्यात एच-वन (मुख्य मथळा) मध्ये दुकानाचं नाव. नाव वरच्या कडेला चिकटू नये म्हणून त्याला मार्जिन-टॉप (वरच्या बाजूला बाहेरची मोकळी जागा) ४० पिक्सेल दिलं. तर नाव तिथंच चिकटलेलं, आणि पट्टाच ४० पिक्सेल खाली आला! वर पांढरी पट्टी. बॉडीचं मार्जिन शून्य आहे, तीनदा बघितलंय. काका म्हणाले, "अगं, काठ चादरीच्या आत असतोय, बाहेर नाही."

दुसरं म्हणजे चादरींचे कार्ड एकाखाली एक आहेत. प्रत्येकाला वर २० आणि खाली ३० मार्जिन. मध्ये ५० यायला पाहिजे, ३० च येतंय. इन्स्पेक्ट केलं की दोन्ही मार्जिन शाबूत दिसतात. मग २० गेले कुठे?

काल रात्री एका व्हिडिओत बघून पट्ट्याला ओव्हरफ्लो हिडन लावलं. पांढरी पट्टी गेली, पण 'प्रकार' वर माउस नेल्यावर उघडणारी यादी पट्ट्याच्या कडेलाच कापली जातेय. बीआर (रिकाम्या ओळी) टाकून जागा करायची लाज वाटते हो.

कडकभाकरी:
पट्ट्याला पॅडिंग-टॉप (वरच्या कडेच्या आतली जागा) १ पिक्सेल द्या आणि झोपा. मी कित्येक वर्षं हेच करतोय.

उभाधागा:
ताई, काका बरोबर बोलले. त्यांनी पॅडिंगच सांगितलं तुम्हाला.

पट्ट्याची वरची कड आणि नावाचं मार्जिन यांच्यामध्ये बॉर्डर, पॅडिंग, मजकूर असं काहीच नसेल तर ते मार्जिन आत थांबत नाही, पट्ट्याच्या बाहेर निघून जातं. १ पिक्सेलने ते अडतं ते यामुळेच. पण तुमच्या बाबतीत सरळ पट्ट्यालाच ४० पॅडिंग द्या आणि एच-वनचं मार्जिन शून्य करा. शून्य करायला विसरू नका, नाहीतर ब्राउझरचं स्वतःचं ०.६७ ईएम मार्जिन, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या ०.६७ पट, त्यात मिळतं. ३२ पिक्सेलच्या अक्षराला ते साधारण २१ होतं, आणि मग ६१ कुठून आले म्हणून पुन्हा इथं याल.

आत काय येईल ते आधी माहीत नसेल तिथं डिस्प्ले: फ्लो-रूट लावा. ओव्हरफ्लो हिडनही मार्जिन अडवतं, पण बाहेर आलेलं सगळं कापतं. तुमची यादी गेली ती त्यातच. फ्लो-रूट अडवतं, कापत नाही.

कार्डांचे २० हरवलेले नाहीत. एकाखाली एक असलेल्या ब्लॉकची मार्जिनं बेरीज होत नाहीत, मोठं तेवढं उरतं. हे फक्त वर-खाली; डावी-उजवीकडे असं कधीच होत नाही. १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून असंच आहे, आणि परिच्छेदांना ते हवंच असतं. नाहीतर प्रत्येक दोन परिच्छेदांत दुप्पट खिंडार पडलं असतं. आतलं मार्जिन बाहेर पडणं मात्र खरंच वाईट. एकाच बॉक्सचं वरचं आणि खालचं मार्जिन आपोआप मिसळणं तर सीएसएस ठरवणाऱ्या कार्यगटाने आपल्याच चुकांच्या यादीत टाकलंय.

सातरस्ता:
पट्टा जागेवर आला, यादीही दिसतेय. पण दादा, कार्डांनाही फ्लो-रूट लावलं तर अजून ३० च!

उभाधागा:
येणारच. फ्लो-रूट आतल्याला बाहेर जाऊ देत नाही. शेजारी-शेजारी एकमेकांत मिसळतात त्याला ते काही करत नाही. कार्डांच्या बाहेरच्या डिव्हला डिस्प्ले: फ्लेक्स, दिशा कॉलम, गॅप (कार्डांमधली जागा) ५० द्या आणि कार्डांची वर-खालची मार्जिनं काढूनच टाका. फ्लेक्स आणि ग्रिड ह्या मांडणीच्या पद्धतींमध्ये मार्जिनं मिसळतच नाहीत, म्हणून ती ठेवलीत तर गॅप धरून १०० होतील.

कडकभाकरी:
आणि खाली 'ऑर्डर करा' बटण त्याच डिव्हमध्ये असेल तर ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलं जाईल. माझं झालंय. त्याला अलाइन-सेल्फ: स्टार्ट द्या.

सातरस्ता:
ताणलंच होतं, दिलं. आता ५० बरोबर आहे. एकच शंका, काकांचा फोन जुना आहे, त्यात गॅप चालेल का?

उभाधागा:
फ्लेक्सचं गॅप क्रोम ८४ पासून आहे, म्हणजे २०२० पासून. आयफोनवर आयओएस १४.५ पासून. त्याहून जुना असेल तर तिथं फ्लेक्सऐवजी ग्रिड करा, ग्रिडमधलं गॅप त्याच्या आधीपासून चालतं.

सातरस्ता:
क्रोम ९१ आहे. अपडेट केलेलं नाही, पण चालतंय. काका दुकानातल्या गिऱ्हाइकांना पट्टा दाखवत बसलेत.