जुन्या स्पोर्ट्स सेडानचे आयडलिंग डोलते आणि पिकअपही कमी झाले आहे : दोन्हींचे कारण एकच असेल का?

प्रश्न

माझ्याकडे २००३ सालची सेडान आहे. तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे, ३ लिटरचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन असून पुस्तिकेत २३१ हॉर्सपॉवर आणि ० ते १०० किमी वेगासाठी ६.५ सेकंद असे आकडे दिलेले आहेत. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे आरपीएम ५०० ते ९०० यांच्या दरम्यान खालीवर होत राहतो, आणि पाय हलकेच दाबून निघताना गाडी क्षणभर अडखळते. स्कॅनर लावून पाहिले असता लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर राहावे म्हणून इंजिनचा संगणक पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ किंवा घट) आयडलिंगला +१४ टक्के आणि ३००० आरपीएमला +३ टक्के दिसला. तेलही पूर्वीपेक्षा जास्त खाते.

याशिवाय, फोनमधील जीपीएसवर ० ते १०० ची वेळ मोजली तर ती ८.१ सेकंद आली. मागच्या वर्षी एका सिलिंडरची इग्निशन कॉइल गेली होती आणि नवी मिळेपर्यंत जवळपास तीन आठवडे मी गाडी तशीच वापरली. कॉइल बदलल्यावर मिसफायर (त्या सिलिंडरमधील पेट्रोल न पेटणे) पूर्ण थांबला. आता मेकॅनिकच्या मते इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर बदलला की सगळे ठीक होईल. सेन्सर महाग असल्यामुळे त्याआधी काय तपासावे, हे कृपया सांगावे.

पहिले उत्तर

सेन्सर इतक्यात घेऊ नका. तुम्ही दिलेले ट्रिमचे दोन आकडेच तो निर्दोष असल्याची साक्ष देतात. सेन्सर मळून हवा कमी मोजू लागला, तर ती चूक हवेचा प्रवाह वाढेल तशी सहसा वाढते, म्हणजे ३००० आरपीएमचा ट्रिम आयडलिंगपेक्षा मोठा दिसायला हवा होता. तुमच्याकडे नेमके उलट आहे. आयडलिंगला मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील) निर्वात सर्वांत तीव्र असतो आणि इंजिन घेत असलेली एकूण हवा सर्वांत थोडी असते, त्यामुळे एखाद्या चिरेतून न मोजलेली हवा आत आली तर तिचा वाटा तेव्हाच मोठा ठरतो. आरपीएम वाढला की तीच चीर नगण्य होते. ही व्हॅक्यूम गळतीची खूण आहे.

इनटेकमध्ये धूर सोडून स्मोक टेस्ट करून घ्या. सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधील रबरी बूट घड्यांच्या आतल्या बाजूने फाटतो आणि वरून धडधाकट दिसतो, म्हणून तो हाताने ताणून पाहावा. तेलाचा वाढलेला खप पाहता क्रँककेसची हवा परत इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हवर माझा अधिक संशय आहे. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण उचलून पाहा; ते जोराने आत ओढले जात असेल, तर त्या व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता दाट आहे.

दुसरे उत्तर

वरील निदान मला पटते, परंतु त्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल उघडा असतो, मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेच्या जवळ येतो आणि गळतीतून आत येण्यासारखे फारसे काही उरतच नाही. त्यामुळे गळती बंद करून आयडलिंग सुधारेल, पण दीड सेकंदाचा फरक तिच्या माथी मारता येणार नाही. तुमच्या गाडीत दोन स्वतंत्र दोष आहेत, असे धरून चाला.

आधी मोजमाप नीट करा. ० ते १०० मध्ये क्लच सोडण्याचे कसब आणि टायरची पकड यांचीच परीक्षा जास्त होते. त्याऐवजी बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये ८० ते १२० ची वेळ १० हर्ट्झच्या (सेकंदाला दहा नोंदी घेणाऱ्या) जीपीएस यंत्राने दोन्ही दिशांनी घ्यावी आणि सरासरी काढावी. डोळ्यांना न जाणवणारा १ टक्क्याचा चढही या चाचणीत सुमारे ५ टक्के वेळ वाढवतो. हवेचे तापमानही नोंदवा, कारण १५ अंशांऐवजी ४० अंश असल्यास हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी घटते आणि असे इंजिन त्या प्रमाणात कमजोर पडते.

त्याच धावेत स्कॅनरवर हवेचा प्रवाह नोंदवा. इतक्या ताकदीचे निरोगी इंजिन ६००० आरपीएमच्या आसपास सेकंदाला साधारण १८० ग्रॅम हवा घेते. आकडा कमी असेल आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.८ ते ०.९ च्या आसपास टिकत असेल, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत नसेल, तर मोजमाप बरोबर असून इंजिनच कमी श्वास घेत आहे. मग त्या तीन आठवड्यांकडे वळावे लागेल. मिसफायर होणाऱ्या सिलिंडरमधील न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, त्याच्या आतील जाळी वितळते आणि एक्झॉस्ट तुंबतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब दिसला तर अडथळा नक्की समजावा.

तिसरे उत्तर

त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजणे) करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे, कारण तेल पिस्टनच्या रिंगांमधूनही जाऊ शकते. सहाही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. एखादा मागे पडला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा, आणि आकडा वाढला तर रिंग, न वाढल्यास व्हॉल्व्ह तपासा.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरांत जवळपास सारखे आले. तेलाचे झाकण इतके ओढले जात होते की काढायला जोर लावावा लागला. तो व्हॉल्व्ह आणि त्याच्या तडकलेल्या नळ्या बदलल्यावर आयडलिंगचा ट्रिम +२ टक्क्यांवर आला आणि डोलणे थांबले. ८० ते १२० ची वेळ मात्र एका दिशेने ५.७ आणि दुसऱ्या दिशेने ६.४ सेकंद, म्हणजे दुरुस्तीआधी होती जवळपास तेवढीच राहिली. हवेचा प्रवाह १५० ग्रॅमच्या पुढे जात नव्हता, व्होल्टेज ०.८५ होता आणि गेजवर ४.५ पीएसआय दिसले. कन्व्हर्टर उतरवला तेव्हा पुढच्या तीन सिलिंडरांच्या बाजूची जाळी वितळून गोळा झालेली होती, आणि गेलेली कॉइल त्यांतल्याच एका सिलिंडरची होती.

नवा कन्व्हर्टर बसवल्यानंतर त्याच ट्रॅकवर, जवळपास त्याच तापमानाला, दोन्ही दिशांची सरासरी ५.३ सेकंद आली आणि प्रवाह १७८ ग्रॅमपर्यंत गेला. जुना सेन्सर अजून जागेवरच आहे. तेलाचा खप किती उतरला, हे १००० किमी झाल्यावर डिपस्टिक पाहून येथेच लिहीन.