मदत हवी आहे: जास्वंद, शेवंती आणि मोगऱ्याच्या रिंगसाठी दोरे कोणते, टाके कोणते?

कण्हेर

नमस्कार. आठ इंची लाकडी रिंगमध्ये भिंतीवर लावायला फुलांचं भरतकाम करायचं आहे. वास्तुशांतीची भेट आहे, हाताशी पाच आठवडे आहेत. डिझाईनमध्ये खाली डावीकडे दोन मोठ्या जास्वंदी (एक पाकळी अडीच सेंमी लांब, दोन सेंमी रुंद), वर तीन शेवंत्या, मधून मोगऱ्याच्या आठ कळ्या आणि बाहेर वळणारी पानांची वेल. कापड इथलंच, सोलापूरच्या हातमागाचं सुती, मोतिया रंगाचं, वीण थोडी सैल.

नमुना म्हणून एक पाकळी भरली. दोऱ्याचे तीन पदर (लडीतल्या सहा सुट्या धाग्यांपैकी तीन), सॅटिन टाका. टाके लोंबतात, बोट लागलं की सरकतात आणि खालचं कापड दिसतं. रिंग काढली की पाकळीभोवती चुण्या. शिवाय सुटा घेतलेला लाल दोरा ओल्या बोटाने चोळला तर बोट गुलाबी झालं. मोगरा या कापडावर उठून दिसेल का, हीही शंका आहे. दोऱ्याच्या लडी किती घ्याव्यात?

भरतवेल

कण्हेर, लोंबणं आणि चुण्या यांचं मूळ एकच आहे. सॅटिन टाक्यात दोरा एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर जातो. ती लांबी सात-आठ मिमीच्या पुढे गेली की दोरा लोंबणारच, आणि लोंबू नये म्हणून आवळला की कापड आत ओढलं जातं. तुम्ही आधी दोरा ठरवलात आणि मग टाका. उलट करा. आधी पाकळी मोजा, रुंदीवरून टाका ठरवा, पदर सगळ्यात शेवटी.

दोन सेंमीच्या पाकळीला लांब-आखूड टाकाच हवा, तोही एका पदराने. आधी पेन्सिलीने पाकळीत पाच-सहा दिशारेषा काढा, सगळ्या फुलाच्या गळ्याकडे जाणाऱ्या. मग पाकळीची कड एका पदराने स्प्लिट टाक्याने आखून घ्या (सुई वर येताना आधीच्या टाक्याचा दोरा चिरत येते, तो टाका). पहिल्या ओळीला सुई या आखलेल्या कडेला अगदी लागून बाहेरून वर काढायची आणि आत खाली घालायची. कड झाकली जाते आणि धार स्वच्छ येते. एक टाका ८ मिमी, शेजारचा ५, पुढचा ७, असं थोडं वेडंवाकडंच ठेवा. काटेकोर एक लांब एक आखूड केलं तर दोन रंगांच्या मधे करवतीसारखे दात दिसतात. दुसऱ्या ओळीत सुई पहिल्या ओळीच्या टाक्यांमधून, दोरा चिरतच वर काढा. टाक्याच्या टोकाशी काढली तर बारीक भोकांची रांग राहते. पाकळी गळ्याशी निमुळती होते, म्हणून तिकडे जाताना अधूनमधून टाका गाळत चला, नाहीतर तिथे दोऱ्याचं गाठोडं होतं.

छटा चार पुरेत. डीएमसी कंपनीच्या दोऱ्यात कडेला ६६६ क्रमांकाची, मग ३२१, मग ४९८ आणि अगदी गळ्याशी ८१५. अँकर कंपनीचा घेणार असाल तर क्रमांक वेगळे असतात (काळा डीएमसीत ३१०, अँकरमध्ये ४०३), तेव्हा आकडा न बघता लड शेजारी धरून दिवसाउजेडी रंग जुळवा. दुकानातल्या दिव्याखाली ३२१ आणि ४९८ मधला फरक नीट कळत नाही.

जास्वंदीची ओळख तिच्या मधल्या तुऱ्यावर आहे. तो पाकळीवरून बाहेर येतो, म्हणून पाचही पाकळ्या झाल्यावर सगळ्यात शेवटी. दांडा ३२१ च्या दोन पदरांनी देठ टाक्याने (दोरीच्या पिळासारखे एकमेकांना लागून जाणारे तिरके टाके) करा, टाका ३ मिमीचा. वरच्या निम्म्या भागात दोन्ही बाजूंना पिवळ्या (७४३) गाठी. त्या फ्रेंच नॉटच्या (सुईला दोरा गुंडाळून मारायची गाठ), दोन पदर, सुईला एकच वेढा, आणि दांड्याला चिकटवून न ठेवता एक-दीड मिमी लांब. त्या गाठीपासून दांड्यापर्यंत एका पदराचा सरळ टाका टाकला की केसरासारखं दिसतं. टोकाला लाल पाच गाठी, कमी-जास्त नको, जास्वंदीला पाचच असतात.

एकपदरी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी कापड आणि रंगाबद्दल लिहिते.

चुण्यांचं दुसरं कारण कापड. हातमागाच्या नव्या कापडात खळ असते. आधी कोमट पाण्यात धुऊन, आटवून, दमट असतानाच इस्त्री करा. वीण सैल असेल तर खाली धुतलेलं पातळ केंब्रिक (तलम सुती कापड) लावा, दोन्ही कापडांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवून कडेने मोठा धावदोरा घाला आणि दोन्ही एकत्र रिंगमध्ये ताणा. (सोलापुरात चादरी-टॉवेल हाताशी असतात म्हणून सांगते, टॉवेलवर हे काम करू नका, बारीक टाके त्याच्या फासांत बुडून जातात.) आठ इंची रिंगला बारा इंची चौकोन कापा, डिझाईन कडेपासून दीड सेंमी आत ठेवा.

आतल्या कड्याला सुती पट्टी तिरकी गुंडाळून टोक शिवून टाका. ताण टिकतो, कापड घसरत नाही. कापडावर टिचकी मारली की डफासारखा आवाज यायला हवा. टाका आवळायचा नाही, दोरा कापडाला टेकला की थांबायचं. रात्री रिंग काढून ठेवा, आणि उन्हाळा असेल तर मांडीवर पांढरा नॅपकिन असू द्या. ४० च्या वर पारा गेला की घामट हाताने मोतिया कापड कडेने मळकं होतं.

तो लाल दोरा वापरूच नका. मीठ-व्हिनेगरने सुती दोऱ्याचा रंग पक्का होत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर-रेशमाच्या आम्लरंगांना होतो, सुताला नाही. कंपनीचा पक्क्या रंगाचा घेतलात तरी गडद लालची वीतभर दोरी ओली करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. काम झाल्यावर रंग सुटलाच तर वाळू देऊ नका आणि इस्त्री तर अजिबात नको. मोठ्या टबात भरपूर थंड पाणी, एक थेंब पातळ साबण, आणि पाणी पांढरं राहीपर्यंत बदलत राहा.

लडींचा हिशोब: एक लड ८ मीटर, पदर सहा, म्हणजे एकपदरी ४८ मीटर. एक चौरस सेंमी लांब-आखूड टाक्याने भरायला एकपदरी पाऊण ते एक मीटर लागतो. तुमची पाकळी जेमतेम चार चौरस सेंमी, दोन फुलांच्या दहा पाकळ्या, म्हणजे फार तर ४० मीटर आणि तेही चार छटांत. प्रत्येक लालची एकच लड घ्या. हिरव्याच्या मात्र मधल्या छटेच्या दोन घ्या, वेल आणि पानं मिळून दोरा खातात.

कण्हेर

दोघींचे खूप आभार. आता शेवंती आणि मोगरा. नवी पेठेत चमकदार रेयॉन दोरा दिसला. शेवंतीला घेऊ का?

एकपदरी

घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. रेयॉन निसरडा, गाठ सुटते, पीळ उलगडून फुसका होतो आणि ओला झाला की कमजोर पडतो. जास्वंदीच्या सुती पाकळीशेजारी ती चमक उपरी वाटते.

भरतवेल

माझं मत थोडं वेगळं. पूर्ण शेवंती नको, पण मधल्या आठ-दहा पाकळ्यांना चालेल. ३० सेंमीपेक्षा मोठा तुकडा घ्यायचा नाही आणि ओवण्याआधी ओल्या फडक्यावरून एकदा ओढायचा. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच हात घालत असाल तर सुतीच बरा.

शेवंती बाहेरून आत करा. बाहेरची रांग लेझी डेझीची (टोकाला छोट्या टाक्याने टाचलेला सुटा साखळी फास), दोन पदर, फासाच्या पोटात एक सरळ टाका. पुढची रांग अर्धी पाकळी सरकवून, आधीच्या दोघींच्या फटीत. आत जाताना ७४४, ७४३, ७४२ असा रंग गडद करा. मध्यावर पाच-सहा बुलियन टाके (सुईला अनेक वेढे देऊन केलेली अळीसारखी गुंडाळी). बुलियनला नेहमीची भरतकामाची सुई अडते, कारण तिचं नेढं दांड्यापेक्षा जाड असतं आणि वेढे तिथेच गोळा होतात. मिलिनर सुई मागा, ती नेढ्यापर्यंत सारख्याच जाडीची असते. एका पदराला १० नंबरची सुई, दोनला ८. नंबर वाढला की सुई बारीक होते, दुकानात उलटं सांगतात कधीकधी.

मोगऱ्याची कळी ४-५ मिमीची, तिथे सॅटिन अगदी योग्य. आधी लांबीच्या दिशेने तीन-चार सरळ टाक्यांची गादी, वर आडवा सॅटिन, दोन पदर. पांढरा बी५२०० घ्या, तो निळसर शुभ्र आहे, मोतियावर उठतो. तरी पुसट वाटली तर एकाच बाजूला, सावलीच्या, ७६२ चा फिका करडा एका पदराने देठ टाका. चहूबाजूंनी रेघ मारली की कळी छापील दिसते.

पानांना फिशबोन टाका (मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून येणारे तिरके टाके), ३३४६ आणि ३३४७. जास्वंदीचं पान दातेरी असतं, म्हणून टाक्यांची बाहेरची टोकं मुद्दाम एक आत एक बाहेर ठेवा. वेलीच्या देठ टाक्यात दोरा कायम सुईच्या एकाच बाजूला, आणि वळणावर टाका २ मिमीवर आणा.

एकपदरी

एक राहिलं. दोरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंमी. पदर एकेक करून वर ओढून सुटे करा आणि मग दोन एकत्र ओवा, जोडीने ओढले की गुंता होतो. सुरुवातीला गाठ मारू नका. कर्नाटकातल्या कसुती भरतकामात मारत नाहीत तसंच, पुढे झाकल्या जाणाऱ्या जागेत दोन-तीन बारीक धावटाके घ्या. गाठ ताणलेल्या कापडावर पुढून फोडासारखी दिसते.

कण्हेर

डिझाईन निळ्या, पाण्याने जाणाऱ्या पेनने उतरवलं आहे. इस्त्री करून मग धुवू का?

एकपदरी

नाही, नाही! आधी नुसत्या थंड पाण्यात पूर्ण बुडवा, साबण न घालता, रेघा गेल्या की पाणी बदलून पुन्हा एकदा. उन्हात न टाकता सावलीत वाळवा. उष्णतेने ती शाई तपकिरी होऊन कायमची बसते. निळा पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच, जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री.