सिंगापूर साडेतीन दिवस, आई-बाबा आणि दोन पोरं, बसेल का?

प्रेषक: पॉइंट कुकवाली

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत पोरांना घेऊन पुण्याला चाललेय आणि येताना आई-बाबांना बरोबर घेऊन येतेय, यंदाची दिवाळी त्यांची इथे मेलबर्नलाच. तिकीट मुंबई-सिंगापूर-मेलबर्न आहे, तर नवरा म्हणाला एवीतेवी विमान बदलायचंच आहे तर उतरा की तिथे तीन-चार दिवस. तो स्वतः येणार नाहीये, रजा नाही, सल्ले मात्र रोज देतोय.

बाबा ७४, पीडब्ल्यूडीतून रिटायर्ड इंजिनियर. आई ६९, एक गुडघा बदललेला आणि दुसरा "बघू पुढच्या वर्षी" म्हणत तसाच. पोरगी ११ ची, पोरगा ६ चा. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, बाबा बाहेर सगळं खातात पण आईच्या समोर नाही.

रात्री जागून यादी केलीये, मर्लायन, गार्डन्स बाय द बे, मरीना बे सँड्सची गच्ची, सेंटोसा बेट, युनिव्हर्सल स्टुडिओज, केबल कार, झू, नाईट सफारी, बर्ड पॅराडाइज, बोटॅनिक गार्डन, चायनाटाऊन, लिटल इंडिया, नदीतली बोट आणि एअरपोर्टवरचा तो धबधबा. साडेतीन दिवसांत बसेल ना? आणि आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय आहेत, त्यांना सिंगापूरचा वेगळा व्हिसा लागेल का? घाई आहे हो, बाबा रोज फोनवर विचारतायत "ठरलं का?"

----------

प्रेषक: टार्नेटचा दादा

ताई, आधी व्हिसाचं, कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे. तू आणि पोरं ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर असाल तर प्रश्नच नाही. भारतीय पासपोर्टला एरवी आधी व्हिसा काढावा लागतो, पण तिसऱ्या देशात जाता-येता ज्यांच्याकडे ऑस्ट्रेलिया, अमेरिका, यूके वगैरे ठरावीक देशांचा चालू व्हिसा आहे त्यांना ९६ तास बिनव्हिसा उतरू देतात. आई-बाबांचा इथला व्हिजिटर व्हिसा आला की ते यात बसतात, पुढचं मेलबर्नचं पक्कं तिकीट पाहिजे आणि तेही ९६ तासांच्या आतलं. आत सोडायचं की नाही ते शेवटी काउंटरवरचा ऑफिसर ठरवतो, म्हणून हॉटेलचे नॉन-रिफंडेबल पैसे भरायच्या आधी आयसीएच्या, म्हणजे त्यांच्या इमिग्रेशनच्या साईटवर नियम स्वतः वाच, अटी अधूनमधून बदलतात.

व्हिसाचं पत्र छापून हातातल्या बॅगेत ठेव हं. आम्ही सासूबाईंना आणलं तेव्हा मुंबईच्या चेक-इनला त्या मुलीला हा ९६ तासांचा प्रकारच माहीत नव्हता, तिनं सुपरवायझरला बोलावलं, त्यानं आणखी कोणाला तरी, आणि तोवर सासूबाई रांगेतल्या लोकांना आमच्या लग्नाची हकीकत सांगून मोकळ्या झाल्या.

आणि एसजी, म्हणजे सिंगापूरचं, अरायव्हल कार्ड. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं, पोरांचंही. ते फुकट असतं. गुगलवर पैसे मागणाऱ्या साईट्स वरती येतात, तिथे कार्डनंबर देऊन बसू नकोस.

----------

प्रेषक: क्लेटनकाका

सौ. पॉइंट कुक,

तुमची यादी वाचली. अष्टविनायक दीड दिवसात उरकणारे लोक असतात ना, दर्शन कमी आणि बसमधून उतरचढ जास्त, तसं होईल. मी तिथे नऊ वर्षं काढलीयेत, मोठी नोकरी नव्हती पण पाय भरपूर वापरले, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो, सहन करा.

सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश वर आहे. तिथे ऋतू असा नसतोच, बारा महिने आपला मुंबईचा मे महिना आणि वर दुपारी कधीही कोसळणारा पाऊस. पुण्याच्या माणसाला ही दमट हवा चार पावलांत गळपटवते. आमच्या चुलतभावानं आई-वडिलांना भर बारा वाजता सेंटोसाला नेलं, काकांना चक्कर आली, पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघण्यात गेले. म्हणून यादी जागांची करू नका, घड्याळाची करा. सकाळी साडेदहापर्यंत बाहेर, मग चार-साडेचारपर्यंत एसीत किंवा सरळ खोलीवर पडायचं, आणि संध्याकाळी परत बाहेर. म्हणजे दिवसाला दोनच गोष्टी होतात. तेवढ्याच होऊ द्या.

सकाळसाठी बोटॅनिक गार्डन. १८५९ सालची बाग, २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, नुसतं फिरायला तिकीट नाही, आत ऑर्किडची बाग आहे तिला मात्र आहे. नावाचं मेट्रो स्टेशन अगदी दाराशी. सात वाजता जा, म्हातारी चिनी मंडळी संथपणे हात हलवत व्यायाम करत असतात, तुमच्या आई पाच मिनिटांत त्यांच्यात सामील होतील, लिहून ठेवा.

संध्याकाळसाठी गार्डन्स बाय द बे. तिथली ती लोखंडी झाडं २५ पासून ५० मीटरपर्यंत उंच, आणि रात्री पावणेआठला आणि पावणेनऊला संगीताबरोबर दिवे लागतात, तो शो फुकट. लोक खाली फरशीवर आडवे पडून बघतात, आईंना आडवं पडता येणार नाही तर बाकडं आधी धरा. त्याआधी चार वाजता क्लाउड फॉरेस्टमध्ये शिरा, काचेच्या घरात ३५ मीटरचा धबधबा आणि थंडगार हवा. लिफ्टनं वर जायचं आणि उतारावरून चालत खाली यायचं, गुडघेवाल्यांनी आखल्यासारखीच रचना आहे.

आता तुमच्या बाबांचं. पीडब्ल्यूडीचा माणूस आणि त्यांना तुम्ही मर्लायन दाखवणार? तो साडेआठ मीटरचा पाणी ओकणारा सिंह आहे, दोन मिनिटांत होतो. त्यांना मॅक्सवेल रोडवरच्या सिटी गॅलरीत न्या, तिथे अख्ख्या मध्यवर्ती शहराचं मॉडेल मांडलंय, तिकीट नाही, एसी आहे, रविवारी मात्र बंद. आणि मरीना बराज. ते मरीना बेचं पाणी तुम्हाला समुद्र वाटेल पण तो समुद्र नाही, २००८ मध्ये खाडीच्या तोंडावर हा बंधारा घालून गोड्या पाण्याचा तलाव केलाय, शहराच्या मधोमध. मुसळधार पावसात समुद्राला ओहोटी असेल तर दरवाजे उघडून पाणी सोडतात, भरती असेल तर भलेमोठे पंप लावून बाहेर फेकतात. मुंबईत पावसाच्या पाण्यात मिलन सबवेत गाडी अडकलेल्या माणसानं ते बघून जरा उसासा टाकावा. वरती गवताची गच्ची आहे, संध्याकाळी पोरंटोरं पतंग उडवतात. आणि बराजच काय, ते गार्डन्स, मरीना बे सँड्सच्या त्या तीन टॉवरवाल्या हॉटेलसकट सगळं भराव टाकलेल्या जमिनीवर आहे. बीच रोड नावाचा रस्ता आज समुद्रापासून चांगला लांब आहे, त्यावरून बाबांना समजेल काय ते.

आणखी एक, पाटी लहान आहे म्हणून लोक पुढे निघून जातात. एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. सुभाषबाबूंनी ८ जुलै १९४५ ला पाया घातला, सप्टेंबरमध्ये इंग्रज परत आले आणि त्यांनी सगळ्यात आधी ते स्मारक उडवलं. १९९५ मध्ये तिथे खूण म्हणून फलक लावला. समोर पडांगचं मैदान, तिथेच ५ जुलै १९४३ ला नेताजींनी सैन्याची पाहणी केली होती. संध्याकाळी जा, वारा असतो. मी वडिलांना घेऊन गेलो होतो, ते काही बोलले नाहीत, चपला काढून उभे राहिले, बाजूनं जॉगिंगवाले जात होते. मर्लायन तिथून चालत जाण्याएवढा आहे, मग तोही बघा, माझं काही म्हणणं नाही.

– काका

----------

प्रेषक: बॉक्स हिलचा बाब्या

काका भारी लिहिलंय पण पोरांचं काय??? ११ वर्षांच्या मुलीला बंधारा दाखवून दिवाळीपर्यंत टोमणे ऐकायचेत का ताईला. एक दिवस युनिव्हर्सलला द्या सरळ. आजी-आजोबा हॉटेलवर आराम करतील, नाहीतरी त्यांना एक दिवस लागणारच. नाईट सफारी पण मस्त आहे, ट्राममध्ये बसूनच बघायची, पण ती सुरू होते सव्वासातला आणि ती जिथे आहे तो मंडाई भाग शहरापासून लांब, ६ वर्षांचं पोरगं परत येताना टॅक्सीत झोपतं आणि मग त्याला उचलायचं कोणी, माझा अनुभव आहे, खांदा अजून दुखतो.

टॅक्सीवरून आठवलं, तुम्ही पाच जण. साध्या टॅक्सीत चारच घेतात, पाचव्याला मांडीवर घेतो म्हटलं तरी ऐकत नाहीत. सहा सीटची मागवा. आणि ॲपवरच्या खाजगी गाडीत छोट्याला बूस्टर सीट लागते, टॅक्सीला त्यातून सूट आहे, म्हणून टॅक्सीच. मेट्रोत बँकेचं टॅपवालं कार्ड चालतं पण एका कार्डावर दोघं नाही जाऊ शकत, आई-बाबांना एकेक वेगळं कार्ड द्या.

----------

प्रेषक: खजिनदार वहिनी

अगं खाण्याचं कोणीच लिहिलं नाही, पुरुषांची मेल्स सगळी!

लिटल इंडियाच्या आसपास हॉटेल घे, थोडं गजबजलेलं आहे पण आईंची सोय होते. कोमल विलास तिथे १९४७ पासून आहे, डोसा, केळीच्या पानावरचं जेवण, काही विचारायला लागत नाही. दुसरीकडे "व्हेजिटेबल" लिहिलेलं असलं तरी विचार, त्यात सुकी कोळंबी नाहीतर माशाचा सॉस असू शकतो, त्यांच्या लेखी तो मसाला. चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल असतात तिथे कांदा-लसूणही नसतो, पण ताटात हुबेहूब मटणासारखा दिसणारा सोयाचा तुकडा येतो, आमच्या सासूबाईंनी तो बघून पाणीसुद्धा सोडलं होतं. आधी सांगून ठेव.

हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याचे स्टॉल एकत्र असतात तिथे, एकदा तरी बसा, गंमत असते. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजायचं, उचलून बाजूला सारू नका. आपल्याकडे एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकतात ना, तेच. खाऊन झालं की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड. चहाला "तेह हालिया" म्हण, आलं घातलेला मिळतो. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या घेत बसू नकोस. मोठ्या रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर वर १० टक्के सर्व्हिस आणि ९ टक्के टॅक्स लागणार, खजिनदार आहे म्हणून सांगतेय.

आता महत्त्वाचं. आई पुण्याहून काय काय आणणारेत? खसखस नको हं अजिबात. सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते, त्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो म्हणून. आणि बाबा तंबाखू खात असतील तर तीही नाही, गुटखा, खैनी, जर्दा सगळ्यावर बंदी आहे. च्युइंगगम तर १९९२ पासून नाही, पोरांच्या खिशात बघ.

----------

प्रेषक: पॉइंट कुकवाली

अरे देवा.

वहिनी, मेल वाचून लगेच पुण्याला फोन लावला. आईनं अनारशाचं पीठ करायला घेतलंय, तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गूळ घालून, सगळं. पीठ इथे आणून मंडळाच्या फराळाला ताजे तळणार होती आणि बरोबर पाव किलो खसखस, "तुमच्याकडची जाडी असते" म्हणून. मी म्हटलं खसखस नाही चालायची, अमली पदार्थ आहे तिथे. पाच सेकंद शांतता. मग म्हणाली, "मी काय अफू विकायला चाललेय का?"

बाबा मागून हसत होते. मग तंबाखूचं सांगितलं आणि त्यांचंही हसू थांबलं. चुन्याच्या डबीसकट चंची घरी ठेवून येणार म्हणालेत, बघू, डॉक्टरला जे बारा वर्षांत जमलं नाही ते सिंगापूरच्या सरकारनं केलं तर मी त्यांना पेढे पाठवेन.

यादी कापली. पहिल्या दिवशी पोचून आराम आणि संध्याकाळी गार्डन्स, दुसऱ्या दिवशी सकाळी बोटॅनिक, दुपारी झोप, मग पडांग आणि नेताजींची जागा, बाबांना ते फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले बाकी काही नाही झालं तरी चालेल. तिसरा दिवस मी आणि पोरं युनिव्हर्सल, आजी-आजोबा सिटी गॅलरी आणि कोमल विलास, त्यांचे ते. शेवटच्या दिवशी बराज आणि मग सरळ एअरपोर्ट, तो ज्वेलमधला धबधबा चेक-इनच्या आधी बघता येतो म्हणे, इमिग्रेशनच्या अलीकडे आहे. केबल कार, झू, बर्ड पॅराडाइज सगळं गेलं. पोरगा मर्लायनसाठी रडला, तो ठेवलाय.

----------

प्रेषक: लिस्टचे मॉडरेटर

मंडळी, उत्तर देताना खालची जुनी मेल्स कापत चला, डायजेस्ट वाचणाऱ्यांना चौथ्यांदा कोळंबी वाचावी लागतेय. पिठाचं मात्र सांगतो, मेलबर्नला उतरल्यावर कार्डावर खाण्याच्या पदार्थांपुढे "होय" वर खूण करा आणि डबा दाखवा. लपवलं तर दंड, दाखवलं तर फार तर डबा जातो.

----------

प्रेषक: खजिनदार वहिनी

खसखस माझ्याकडे आहे, बारीकवाली. आईंना सांग काळजी करू नका.

----------

प्रेषक: पॉइंट कुकवाली

सांगितलं. म्हणाली "बघितल्याशिवाय नाही सांगता यायचं."

काका, बाबा विचारतायत बराजवर पतंग आपला नेला तर चालतो का, की तिथे घ्यावा लागतो? त्यांनी माळ्यावरून फिरकी काढलीये.

----------

प्रेषक: क्लेटनकाका

आपला चालतो. मांजा नको, साधा दोरा. आणि पाचनंतरच.