विषय: मालगुंडच्या बेंजोसाठी स्टिका – २४ जोड्या सगळ्या ५बीच घ्यायच्या का?

प्रेषक: सामान-समिती
सोमवार, २४ ऑगस्ट

मंडळी, नमस्कार.

मालगुंडच्या वाडीतल्या मुलांच्या बेंजोसाठी, म्हणजे गणपतीत वाजणाऱ्या त्यांच्या बँडसाठी, ड्रमच्या स्टिका इथल्या मस्कतच्या दुकानातून गुरुवारी दुपारपर्यंत घ्यायच्या आहेत. मालगुंड भाऊंची बॅग शुक्रवारी बंद होईल आणि चतुर्थीच्या (१४ सप्टेंबर) आधी दुसरं कोणी गावी जात नाहीये. गेल्या वेळची धावपळ परत नको.

यादीवर आत्ता २४ जोड्या आहेत. सगळ्या ५बी मापाच्या, हिकरी लाकडाच्या, नायलॉन टोकाच्या. एकच प्रकार घेतला की वाटायला सोपं जातं आणि दुकानदार डझनाचा भाव देतो. कुणाची हरकत असेल तर आजच लिहा.

---

प्रेषक: दाभोळ काका
सोमवार, २४ ऑगस्ट

हरकत आहे. स्टिक वाद्याला आणि हाताला बघून घेतात, भाव बघून नाही.

५बी १६ इंच लांब आणि साधारण १५.१ मिमी जाड असते. ५ए तेवढीच लांब, पण १४.४ मिमी. ७ए साडेपंधरा इंच आणि १३.७ मिमी. पाऊण मिलिमीटरने काय होतंय असं वाटतं, पण वजन जाडीच्या वर्गाने वाढतं. त्यामुळे एकाच लाकडाची ५बी ही ५एपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जड भरते. हिकरीची ५ए एक काडी ५० ग्रॅमच्या आसपास धरा, ५बी ५५ ग्रॅम. दर ठोक्याला हा फरक मनगटावर पडतो आणि मिरवणूक दोन-तीन तास चालते.

साइड ड्रम कमरेला बांधून उघड्यावर वाजतो. समोर लाटांचा आवाज, भोवती माणसं, त्यामुळे तिथे ५बीच हवी, त्यात वाद नाही. रोटोचं (रोटोटॉम ड्रमचं) तसं नाही. त्याला खोड नसतं, ६-८-१० इंचांचं नुसतं ताणलेलं पान असतं. जड काडी पानावर क्षणभर जास्त टेकली की सूर दबतो आणि नुसता 'टक' ऐकू येतो. रोटोला ५ए, तीही लांब निमुळतीची. म्हणजे खांद्यापासून (काडी जिथे निमुळती व्हायला लागते तिथून) टोकापर्यंतचा उतार लांब असलेली. ती पुढे हलकी असते, लवकर उसळते, डबल स्ट्रोक (एकाच हाताचे लागोपाठ दोन ठोके) मोकळे पडतात. आखूड निमुळतीची काडी पुढे जड असते, ती साइड ड्रमला चांगली.

ऑक्टोपॅड हे रबरी पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, त्याचा आवाज बटणाने वाढतो, दंडाने नाही. तिथे ५बी म्हणजे उगाच रबर झिजवणं. आरतीला मंडपात जो ड्रमसेट वाजतो त्याला ७ए द्या, नाहीतर टाळ आणि माणसांचा आवाज दोन्ही बुडतील.

ताशाच्या काड्या या यादीत धरल्या असतील तर आधी काढा. ताशाचं पान फार कडक ताणलेलं असतं, त्याला बारीक लवचीक काडी लागते, वेताची किंवा प्लास्टिकची. ड्रमची स्टिक त्यावर चालवली तर पान काठापाशी फाटतं. उलट ताशाची काडी साइड ड्रमवर घेतली तर तिला टोकाचं वजन नाही, खालच्या पानाला लागलेल्या स्नेअरच्या तारा जाग्याच होत नाहीत. ताशाच्या काड्या आणि ढोलाची टिपरं गावीच घ्यावीत.

---

प्रेषक: देवगड ताई
सोमवार, २४ ऑगस्ट

काका, मापाचं पटलं. टोकाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

भाद्रपदात आपल्याकडे लाकूड ओलसरच असतं. ओलं लाकडी टोक मऊ पडतं, त्याची कुसळं निघतात, आणि असं कुसळलेलं टोक झांजेवर फसफसतं. लाकडी टोक झिजतं म्हणूनच जो कॅलाटो यांनी १९५८ साली नायलॉनचं टोक काढलं. त्यामुळे नायलॉन हा समितीचा निर्णय मला योग्य वाटतो. दुकानात प्रत्येक टोक चिमटीत धरून पिळून बघायचं. किंचित जरी फिरलं तरी ती काडी परत ठेवायची, कारण गोंद सुटलेलं टोक पहिल्या आरतीतच उडतं. मंडपातल्या ७ए मात्र लाकडी टोकाच्या घ्या. नायलॉनचा आवाज टोकदार असतो, छपराखाली तो कानाला बोचतो.

टोकाचा आकारही बघायला हवा. एकॉर्न (ओकच्या फळाच्या) किंवा थेंबाच्या आकाराचं टोक काडीचा कोन बदलला की आवाज बदलतं, कारण पानाला टेकणारा भाग कमीजास्त होतो. बसून वाजवणाऱ्याला ते उपयोगी पडतं. चालताना कमरेचा ड्रम पावलागणिक हलतो, प्रत्येक ठोक्याचा कोन वेगळा. तिथे गोल टोक घ्या, कुठल्याही कोनातून सारखंच वाजतं. गोल मिळालं नाही तर बॅरल (पिंपाच्या आकाराचं) चालेल. त्याचा पानावर टेकणारा भाग मोठा, आवाज भरीव येतो.

---

प्रेषक: वेंगुर्ला दादा
मंगळवार, २५ ऑगस्ट

तुम्ही सगळे मस्कतच्या दुकानाच्या मागे का लागलात? इथे सावंतवाडीत लाकडाची खेळणी पिढ्यान्‌पिढ्या कातली जातात. माप द्या, कातारी लेथवर हवी तशी जोडी उतरवून देईल. लाकूड धामणीचं घ्यायचं. कुऱ्हाडीचे, कुदळीचे दांडे आपल्याकडे धामणीचे करतात ते उगाच नाही. दणका सोसते, वाकते, सहजासहजी तुटत नाही. हिकरीचेही अमेरिकेत हातोड्याचे आणि कुऱ्हाडीचे दांडेच करतात. गावच्या गणपतीला गावचं लाकूड असावं असं मला मनापासून वाटतं.

---

प्रेषक: दाभोळ काका
मंगळवार, २५ ऑगस्ट

दादा, धामणीबद्दल एक शब्दही खोटा नाही. अडचण महिन्याची आहे. आत्ता मिळणारी धामण ओली असणार. ओलं लाकूड १४.४ मिमीवर कातलं तर वाळताना आकसेल आणि तेही सगळीकडून सारखं नाही. दिवाळीपर्यंत काडीची धनुकली होईल. शिवाय दोन काड्या वजनाला जुळवायच्या तर वीस कातून त्यांतून निवडाव्या लागतात, तेवढे दिवस हातात नाहीत.

कातारी सवयीने खेळण्यांचं लाकूड घेईल तेही बघा. पांगारा स्टिकेला फार मऊ, रिमवर (ड्रमच्या कड्यावर) दोन ठोक्यांत खाच पडेल. सुरू वजनाला चालेल असं कुणीतरी सुचवेलच, पण सुरूचं लाकूड वाळताना चिरतं आणि पिळवटतं. सागाच्या रेषा सरळ असल्या तरी तो खांद्यावर तुटतो.

---

प्रेषक: वेंगुर्ला दादा
मंगळवार, २५ ऑगस्ट

यंदा नाही, मान्य. पण पुढच्या वर्षीची तयारी आत्ता ठरवली तरच होईल. पावसाळा संपल्यावर सरळ वाढलेली फांदी घ्यायची, गाठ नसलेली. ओंडका करवतीने चिरायचा नाही, पाचर घालून फाडायचा. फाडलेल्या तुकड्यात रेषा आपोआप लांबीने जातात. करवतीने चिरला तर रेषा तिरक्या सुटतात आणि काडी तिथेच तुटते. २५ मिमीचे चौकोनी दांडे करून पडवीत, उन्हापासून लांब, मध्ये फटी ठेवून रचायचे. उन्हाळाभर तसेच राहू द्यायचे आणि वैशाखात कातायचे. आधी १७ मिमीपर्यंत कातून दोन आठवडे ठेवायचं. जे वाकेल ते बाद. उरलेलं मापावर आणायचं. वर व्हार्निश नको, कच्च्या जवस तेलाचा एक पातळ हात पुरे.

हे काम मी घेतो. माप फक्त काकांनी कागदावर काढून पाठवावं, खांदा कुठे सुरू होतो तेही दाखवून.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती
मंगळवार, २५ ऑगस्ट

सामान-समितीला विनंती. वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग हे आजवर सांस्कृतिक समितीकडे राहिलेले आहेत. खरेदी तुम्ही करा, पण कोण काय वाजवतो हे आम्हाला विचारल्याशिवाय आकडा ठरवू नये. २४ हा आकडा कुठून आला ते आम्हाला ठाऊक नाही.

मुलांशी फोनवर बोलून घेतलेली यादी अशी: साइड ड्रमला चार जण, रोटोला दोन, ऑक्टोपॅड एक, मंडपातला ड्रमसेट एक. ताशा चार आणि ढोल तीन, पण काकांनी लिहिल्याप्रमाणे ते या खरेदीत येत नाहीत. साइड ड्रमवाल्या मुलांचं म्हणणं आहे की ५ए फार तुटतात, म्हणून यंदा त्यांना २बी हवी.

---

प्रेषक: दाभोळ काका
बुधवार, २६ ऑगस्ट

२बी नको. १६ मिमीची काडी ५एच्या सव्वापट जड असते. मुलं तासाभरात मूठ आवळून धरायला लागतील. मूठ आवळली की उसळी मरते, आणि मनगटाचं दुखणं सुरू होतं ते वेगळंच.

काडी कुठे तुटते ते मुलांना विचारा, सगळं त्यातच आहे. खांद्यावर खाचा पडून तुटत असेल तर झांजेच्या काठावर खांद्याने आडवा घाव बसतोय. घाव तिरका, निसटता मारायला शिकवा. मधोमध तुटत असेल तर बहुतेक पट्टा चुकलाय. ड्रम फार वर बांधला की काडी पानावर आडवी पडते आणि दर ठोक्याला रिम तिच्या पोटात चावते. ड्रमचा वरचा काठ बेंबीखाली चार बोटं येईल इतका पट्टा सोडा. रिमशॉट (पान आणि रिम एकदम वाजवणारा ठोका) तेव्हाच बसावा, जेव्हा तो हवा असतो. लांब तिरकी फाळ पडून तुटत असेल तर काडीच्या रेषाच वाकड्या होत्या, तो निवडीचा दोष. या तिन्हींवर जाड काडी हा इलाज नाही, ती फक्त चार दिवस उशिरा तुटते.

ओकची काडी घ्या असं दुकानदार म्हणेल. ती हिकरीपेक्षा जड आणि टणक असते, पण तुटते ती एकदम. हिकरी आधी कुसळते, मुलगा वेळेवर बदलू शकतो. मेपल हलकं असतं, मंडपातल्या ७एला चालेल, मिरवणुकीला अजिबात नाही.

---

प्रेषक: गुहागर वहिनी
बुधवार, २६ ऑगस्ट

पावसात हातातून सटकतात त्याचं काय? गुळगुळीत लाखेची काडी ओल्या हातात राहत नाही. बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळली तर चालेल का?

---

प्रेषक: देवगड ताई
बुधवार, २६ ऑगस्ट

वहिनी, चालेल, पण अख्खी गुंडाळू नका. पूर्ण ग्रिपने मागे चार-पाच ग्रॅम वाढतात, तोल मागे सरकतो आणि काडी पुढे पडतच नाही. जिथे चिमूट धरतो, म्हणजे मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर, तिथून मागे दहा सेंटिमीटर पुरे. दोन्ही काड्यांना सारखीच लांबी कापून लावा.

त्याआधी दीडशे नंबरचा पॉलिशपेपर फिरवून बघा. फक्त मागच्या भागावर, लांबीच्या दिशेने, चकाकी जाईल एवढाच. पुष्कळांना तेवढंच पुरतं. खोबरेल कुणी लावू नये. आणि काड्या सुकवायला चुलीजवळ किंवा उन्हात ठेवायच्या नाहीत, वाकतात. पंचाने पुसून पाटावर आडव्या ठेवायच्या. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तरी दमट हवेत बाक येतो.

---

प्रेषक: सामान-समिती
बुधवार, २६ ऑगस्ट

एक शंका. ए म्हणजे चांगला माल आणि बी म्हणजे दुय्यम, असं दुकानदार म्हणतो. खरं का?

---

प्रेषक: दाभोळ काका
बुधवार, २६ ऑगस्ट

नाही. ए हे अक्षर ऑर्केस्ट्राच्या कामासाठी, बी बँडसाठी, एस रस्त्यावरच्या संचलनासाठी, अशी ती जुनी खूण आहे. एकाच अक्षरात आकडा जितका लहान तितकी काडी जाड. कंपनीगणिक माप थोडं हलतं, म्हणून आकड्यावर न जाता जाडी मोजायला कॅलिपर घेऊन जा.

---

प्रेषक: मालगुंड भाऊ
बुधवार, २६ ऑगस्ट

माझ्या बॅगेत दोनच किलो उरलेत, मी आधीच कळवलं होतं. २४ जोड्या ५बी म्हणजे अडीच किलोच्या वर, त्या नेता येणार नाहीत. आकडा लवकर सांगा. काड्या मी कपड्यांच्या थरांत आडव्या ठेवणार आहे, बाजूच्या दांड्याला लावून नाही.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती
गुरुवार, २७ ऑगस्ट

सामान-समितीशी फोनवर बोलणं झालं. ५बी दहा जोड्या, चौघांना दोन-दोन आणि दोन राखीव. गोल नायलॉन टोक, आखूड निमुळती. ५ए सहा जोड्या, रोटोच्या दोघांना मिळून चार आणि ऑक्टोपॅडला दोन. लांब निमुळती, नायलॉन. ७ए दोन जोड्या, लाकडी टोक, मंडपासाठी. एकूण १८ जोड्या, वजन १ किलो ९०० ग्रॅमच्या आत बसतं. डझनाचा भाव मिळणार नाही, ते आम्ही आमच्या खात्यातून सोसतो.

दुकानात देवगड ताई आणि दाभोळ काका जातील.

---

प्रेषक: देवगड ताई
गुरुवार, २७ ऑगस्ट

जाते. स्वयंपाकघरातला वजनकाटा बरोबर घेतलाय, जोडीत दोन ग्रॅमहून जास्त फरक असला तर सोडणार. प्रत्येक काडी काचेच्या टेबलावर लोळवणार, टोक वरखाली नाचलं की ती वाकडी. मग लाकडी काउंटरवर दोन्ही आपटून ऐकायचं. वजन जुळलं तरी सूर वेगळा असेल तर एकीची घनता वेगळी, ती डाव्या-उजव्यात कळते. रेषा बुडापासून खांद्यापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात, मध्येच बाहेर सुटलेल्या नकोत.

काका, तुम्ही कॅलिपर आणा. साडेचारला.

---

प्रेषक: वेंगुर्ला दादा
गुरुवार, २७ ऑगस्ट

ताई, ५बीची एक काडी जास्तीची घ्या आणि भाऊंकडे माझ्यासाठी द्या. कागदावरच्या मापापेक्षा कातारीला नमुना हातात दिलेला बरा.